हापूस थेट विकायचा आहे: वेबसाइट काढावी की व्हॉट्सअ‍ॅपवरच भागेल?

दलालाला वगळून पेटी थेट पुण्या-मुंबईच्या घरी पाठवू पाहणाऱ्या देवगड-रत्नागिरीच्या बागायतदारापुढे हा प्रश्न हमखास येतो. आंबा दोन्हीकडे तोच. पण तुम्हाला कधीही न भेटलेलं गिऱ्हाईक आगाऊ पैसे भरणार असतं, आणि ‘देवगड हापूस’ छापलेल्या पेटीतून कर्नाटकचा आंबा निघतो हे त्याला चांगलं ठाऊक असतं.

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस फुकट आहे, आज सुरू करता येतं. सकाळची तोड, अढी लावताना काढलेला व्हिडिओ लगेच पाठवता येतो, शंका आली तर माणूस थेट फोन करतो. एवढी जवळीक वेबसाइटला जमत नाही. मात्र हा विश्वास ओळखीच्या साखळीपुरता चालतो. अनोळखी माणसाला दिसतो तो एक नंबर आणि यूपीआयवरचं एक नाव. इन्स्टाग्रामवर तर तुमच्याच बागेचे फोटो उचलून कोणीही दुसरं खातं उघडू शकतो.

वेबसाइटला डोमेन, होस्टिंग आणि देखभालीचा खर्च आहे. पेमेंट गेटवे (साइटवर ऑनलाइन पैसे घेणारी सेवा) घ्यायचा तर केवायसी होते, संपर्काचं आणि परताव्याच्या अटींचं पान आधी लागतं. ही कटकट वाटते, पण गिऱ्हाइकाला नेमकं हेच हवं असतं. ई-कॉमर्सच्या 2020च्या नियमांप्रमाणे नाव, पत्ता आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचा संपर्क द्यावा लागतो, तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याभरात करावं लागतं. ब्राउझरमधल्या कुलपाच्या चिन्हावर मात्र विसंबू नका. माहिती सांकेतिक रूपात जाते, एवढंच ते सांगतं. विकणारा खरा आहे की नाही, हे नाही. ते चिन्ह ठगाच्या साइटवरही असतं.

खरी कसोटी साक्याची, म्हणजे हापूसच्या गरात होणाऱ्या पांढरट, स्पंजासारख्या दोषाची. साका बाहेरून दिसत नाही, फळ कापल्यावरच कळतो. व्हॉट्सअ‍ॅपवर त्याची भरपाई दर वेळी नव्याने घासाघीस करून ठरते. वेबसाइटवर ‘कापलेल्या फळाचा फोटो दोन दिवसांत पाठवा, तेवढ्या फळांचे पैसे परत’ असं आधीच लिहून ठेवता येतं. माझ्या मते वेबसाइट काढायला हे एकच कारण पुरेसं आहे. त्या पानावर जीआयच्या (भौगोलिक मानांकनाच्या) अधिकृत वापरकर्त्याचं प्रमाणपत्रही लावा. हापूसला जीआय 2018 मध्ये मिळाला, तरी ते प्रमाणपत्र बागायतदाराला स्वतः अर्ज करून घ्यावं लागतं. देवगडच्या आंबा उत्पादक संस्थेने 2025च्या हंगामात फळांवर वेगळ्या क्रमांकाचे स्टिकर आणले. तुम्ही ते लावत असाल तर क्रमांक कसा तपासायचा हेही समजावून सांगा. आंबापोळी, कोकम सरबत विकत असाल तर एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा परवान्याचा) 14 अंकी क्रमांक दिसलाच पाहिजे.

सगळा माल नात्यागोत्यात आणि जुन्या गिऱ्हाइकांत संपत असेल, तर वेबसाइटवर पैसे घालू नका. नव्या शहरात अनोळखी लोकांना विकायचं असेल, तर साधी चार पानांची साइट काढा आणि बोलणं व्हॉट्सअ‍ॅपवरच चालू ठेवा. जूनमध्ये ‘यंदाची विक्री बंद’ एवढी ओळ टाकायला विसरू नका. दिवाळीतही एप्रिलचा दर दिसला, तर साइटकडे कोणी बघतच नाही असं वाटून माणूस परत फिरतो.