अकरावी सायन्स: साधं घ्यावं की बायफोकल?

भाचीच्या अॅडमिशनमुळे वहिनींनी विचारलं, म्हणून लिहितोय.

विषय: साध्या सायन्सला इंग्रजी, दुसरी भाषा (किंवा आयटी), फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायोलॉजी. बायफोकलमध्ये दुसरी भाषा आणि बहुधा बायोलॉजी सोडून 200 गुणांचा एकच व्यवसाय विषय, कॉम्प्युटर सायन्स किंवा इलेक्ट्रॉनिक्स. नीट (मेडिकलची प्रवेश परीक्षा) द्यायची असेल तर बायोलॉजी लागतंच, तेव्हा हा मुद्दा आधी मिटवा.

गुण: कॉम्प्युटर सायन्सच्या 200 पैकी 100 प्रॅक्टिकलचे. म्हणून टक्केवारी चढते, यात गुपित काही नाही. सीईटीत (इंजिनिअरिंग-फार्मसीची राज्याची प्रवेश परीक्षा) मात्र हा विषय विचारत नाहीत.

शिक्षक आणि तास: खरा फरक इथे. लॅब चालू आहे का, शिक्षक कायम आहेत की तासिका तत्त्वावर, हे बारावीच्या मुलांनाच विचारा. माहितीपत्रकात चकचकीत फोटोच असतात.

खर्च: बायफोकलची फी जास्त, कॉलेजागणिक वेगळी.

डॉक्टरकी डोक्यात असेल, किंवा फार्मसी आणि इंजिनिअरिंग दोन्ही, तर साधं सायन्स. इंजिनिअरिंग पक्कं आणि कोडिंगची आवड असेल, तर बायफोकल. पण लॅबला कुलूप असेल तर तिथेही साधंच घ्या.