आईवडिलांची समज ओसरू लागली तर: कुलमुखत्यारपत्र, बक्षीसपत्र की हायकोर्ट?

वडिलांच्या केसपेपरवर 'डिमेन्शिया' असं लिहून आलं की थोड्याच दिवसांत घरात प्रश्न येतो: फ्लॅट, एफडी, पेन्शन, सोसायटीचे कागद हे सगळं आता कोण बघणार? सल्ला देणारे तयारच असतात. "पॉवर करून घ्या, म्हणजे काळजी मिटली." पॉवर म्हणजे कुलमुखत्यारपत्र. हा सल्ला अर्धाच खरा आहे. उरलेला अर्धा भाग कुणी सांगत नाही आणि त्यामुळे चांगली घरं भावाभावांच्या दाव्यांत अडकतात. म्हणून जे मार्ग हातात आहेत ते एकमेकांशेजारी ठेवून पाहू.

आधी मुळाचा मुद्दा. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम ११ म्हणतं की करार करणारी व्यक्ती सज्ञान हवी, मनाने सक्षम हवी आणि कुठल्या कायद्याने अपात्र ठरलेली नसावी. मनाने सक्षम म्हणजे काय, ते कलम १२ सांगतं: करार करतेवेळी तो समजण्याची आणि त्याचा आपल्या हितावर काय परिणाम होईल हे ताडण्याची कुवत असणं. यातला 'करतेवेळी' हा शब्द अधोरेखित करून ठेवा. मनोरुग्णालयातला रुग्णसुद्धा मधल्या शुद्धीच्या काळात करार करू शकतो, असं उदाहरण कायद्यानेच दिलं आहे. उलट, एरवी ठणठणीत असलेला माणूस तापाच्या भ्रमात असेल तर त्या वेळी करू शकत नाही. म्हणजे निदान झाल्या दिवशी वडिलांचा अधिकार संपत नाही. सुरुवातीच्या टप्प्यावर त्यांना विषय नीट कळत असेल, तर त्यांची सही पूर्ण वैध आहे. तो टप्पा कधी ओलांडला जाईल हे मात्र कुणी तारीख घालून सांगू शकत नाही. तुमच्या घरी आज कोणता टप्पा आहे, यावरच पुढची सगळी निवड ठरते.

कुलमुखत्यारपत्र

स्वस्त, झटपट, म्हणून सगळ्यांची पहिली पसंती. वडील तुम्हाला त्यांच्या वतीने काम करण्याचा अधिकार देतात आणि मालकी त्यांचीच राहते. गुडघे दुखतात, बँकेचा जिना चढवत नाही, नोंदणी कार्यालयात ताटकळवत नाही, अशा शारीरिक अडचणींसाठी हे उत्तम साधन आहे.

पण ज्या भीतीने तुम्ही ते करून घेताय, नेमकं तिथेच ते तोकडं पडतं. करार कायद्याच्या कलम २०१ नुसार अधिकार देणारी व्यक्ती मरण पावली किंवा तिची मानसिक क्षमता गेली, की मुखत्यारी संपते. अधिकार देणाऱ्याला जे स्वतः करता येत नाही, ते त्याच्या वतीने दुसऱ्यालाही करता येत नाही, असं त्यामागचं तत्त्व आहे. मुखत्याराचा त्या मालमत्तेत स्वतःचा हितसंबंध असेल तर कलम २०२ चा अपवाद आहे, पण आजारी वडिलांची काळजी घेणारा मुलगा त्यात बसत नाही. कागद नोंदणीकृत आहे, त्यात 'कायमस्वरूपी' असं लिहिलं आहे, याने काही फरक पडत नाही.

परदेशात असलेल्या मुलांचा इथे हमखास गैरसमज होतो. इंग्लंडमध्ये २००५ च्या कायद्याने 'लास्टिंग पॉवर ऑफ अटर्नी' आली, अमेरिकेत 'ड्युरेबल' पॉवर सर्रास केली जाते. क्षमता गेल्यावरही ती चालू राहते, किंबहुना त्याचसाठी ती असते. भारतात तशी सोय नाही. इथल्या मिळकतीसाठी न्यू जर्सीचा अनुभव धरून चालू नका.

आणि वडिलांना काही कळेनासं झाल्यावर जुन्या पॉवरवर फ्लॅट विकला, तर एखादं नाराज भावंड वैद्यकीय कागद घेऊन कोर्टात उभं राहू शकतं. त्यात घेणारा अडकतो आणि तुम्हीही.

बक्षीसपत्र

इथे मालकीच बदलते, त्यामुळे वडिलांची समज नंतर गेली तरी दस्त टिकतो. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन पती-पत्नी, मुलं, नातवंडं यांना बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे. शहरात त्यावर अधिभार आणि नोंदणीचा खर्च येतो, तरी विक्रीच्या मानाने तो किरकोळच. या स्वस्ताईमुळेच घाई होते.

माझं मत सांगतो: मुलाच्या किंवा मुलीच्या नावे राहत्या घराचं बक्षीसपत्र हा शेवटचा पर्याय असावा. एकदा दिलेलं बक्षीस मनात आलं म्हणून परत घेता येत नाही. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्याचं कलम २३ आधार देतं. सांभाळाच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ झाला नाही, तर न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द ठरवू शकतं. पण अशी अट होती हे दाखवावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं. तेव्हा बक्षीसपत्र करायचंच असेल तर सांभाळाची, औषधपाण्याची आणि हयातभर त्याच घरात राहण्याची अट दस्तातच लिहून घ्या. आई हयात असेल तर आधी तिचा विचार करा. नवऱ्याच्या आजारपणात तिच्या डोक्यावरचं छप्पर मुलांच्या मर्जीवर राहू नये.

दुसरा धोका दबावाच्या आरोपाचा. वय किंवा आजाराने ज्याची मानसिक ताकद खालावली आहे, त्याच्यावर दुसऱ्याचा वरचष्मा असू शकतो, हे करार कायद्याचं कलम १६ धरून चालतं. व्यवहार उघड अन्यायाचा दिसला तर तो दबावाने झाला नाही हे लाभ घेणाऱ्याला सिद्ध करावं लागतं. म्हणून त्याच दिवशीचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र घ्या. त्यात 'प्रकृती ठीक' एवढंच नको, 'दस्ताचा अर्थ त्यांना समजला' असं हवं. वकील वडिलांचा वेगळा असावा, आणि ते बोलत असताना लाभार्थी मुलाने खोलीबाहेर थांबावं. दुय्यम निबंधक आजारपणाच्या कारणाने घरी येऊन दस्त नोंदवू शकतात. समोरची व्यक्ती मानसिकदृष्ट्या अक्षम वाटली तर नोंदणी नाकारणं हे त्यांचं कर्तव्यच आहे.

हायकोर्टाकडून पालक

पालक म्हणजे इथे रुग्णाच्या वतीने निर्णय घेण्यासाठी नेमलेली व्यक्ती. समज पूर्ण गेल्यावर कायदेशीर वाट साधारण हीच उरते. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात रुग्णाच्या मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमण्याची तरतूद होती. त्याच्या जागी आलेल्या २०१७ च्या कायद्यात उपचारांसाठी प्रतिनिधी नेमता येतो, पण मालमत्तेबद्दल तशी तरतूद नाही. १९९९ चा नॅशनल ट्रस्ट कायदा स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांपुरता आहे. डिमेन्शिया किंवा कोमातला रुग्ण त्यात बसत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मर्यादित पालकत्व आहे, पण त्याचा गाभा त्या व्यक्तीसोबत विचारविनिमय करून निर्णय घेणं हा आहे. त्यामुळे कुटुंबं संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली हायकोर्टात जातात आणि मुंबई उच्च न्यायालयाने अशा प्रकरणांत पालक नेमलेले आहेत.

याला वेळ लागतो, वकिलाचा खर्च येतो. वैद्यकीय मंडळाची तपासणी, मालमत्तेची यादी, सगळ्या वारसांची प्रतिज्ञापत्रं, असं बरंच काही लागतं. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये कोमातल्या रुग्णांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली, त्यांत पालकाने दर सहा महिन्यांनी हिशेब द्यावा असं आहे. लोकांना हे जाचक वाटतं. मला मात्र हीच या मार्गाची जमेची बाजू वाटते. जो माणूस स्वतः हिशेब विचारू शकत नाही, त्याच्या वतीने कुणीतरी विचारायलाच हवा. पालक झालेल्या मुलालाही उद्याच्या आरोपांपासून तेच संरक्षण देतं.

मुंबईला जावंच लागतं असं नाही. नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि गोव्यात पर्वरी इथे खंडपीठं आहेत, आणि ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंचही सुरू झालं आहे.

गोव्यातल्या घरांसाठी एक जास्तीची गोष्ट. तिथल्या नागरी कायद्यात स्थावर मिळकत विकायला पती-पत्नी दोघांची संमती लागते. त्यामुळे एकाची समज गेली की दुसऱ्याचाही व्यवहार अडतो. तिथे निर्णय आणखी लवकर घ्या.

मग निवड कशी करायची?

वडिलांना अजून कळतंय आणि उपचारांसाठी पुढे घर विकावं लागेल असं दिसतंय, तर पॉवर करून ठेवण्यापेक्षा विक्री आत्ताच, त्यांच्याच सहीने करा. विकायचं नसेल तर मृत्युपत्र, बँकेत आईबरोबर 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' (दोघांपैकी कुणालाही किंवा मागे राहणाऱ्याला चालवता येणारं) खातं आणि रोजच्या कामांपुरती मर्यादित मुखत्यारी, एवढं बहुतेक कुटुंबांना पुरतं. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. नोंदणी सक्तीची नाही, पण अशा आजारात करून घ्याच. मालमत्ता मोठी असेल किंवा घरात एखादं विशेष गरजांचं मूल असेल, तर खासगी ट्रस्टचा विचार जरूर करा. मालकी विश्वस्तांकडे गेल्यामुळे वडिलांची समज गेली तरी तो थांबत नाही. फक्त मिळकत ट्रस्टमध्ये घालण्याचा मुद्रांक खर्च आधी विचारून घ्या.

समज गेलेली असेल तर अंगठा उठवून घेऊ नका. सही करता न येणाऱ्या आजारी खातेदाराचा अंगठा दोन साक्षीदारांसमोर घेण्याची सोय बँकांत आहे, पण ती शरीराने अधू झालेल्यांसाठी आहे. अशा वेळी सरळ याचिकेची तयारी सुरू करा. दवाखान्याची आणि घरखर्चाची बिलं तुमच्या खिशातून जात असतील तर पावत्या जपून ठेवा. अक्षम व्यक्तीच्या गरजेच्या वस्तूंवर केलेला खर्च तिच्या मालमत्तेतून परत मिळण्याचा हक्क करार कायद्याचं कलम ६८ देतं आणि कोर्टापुढे तो हिशेब उपयोगी पडतो. भावंडांशी आधीच बोलून त्यांची लेखी संमती याचिकेला जोडली तर वाद उभा न राहता काम पुढे सरकतं.