व्हॉट्सॲप बिझनेस: नोकरी सांभाळून मसाले विकतोय, म्हणून लिहितोय

अंधेरीच्या ऑफिसात दिवसभर सीआरएममध्ये (गिऱ्हाइकांच्या नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर) लीड म्हणजे संभाव्य गिऱ्हाईक, फॉलोअप, पेंडिंग हेच करतो, त्यामुळे २०१८ला आलेलं हे ॲप उघडलं तेव्हा वाटलं अरे हे तर रोजचंच काम, फक्त डोक्यावर बॉस नाही. आईचे मसाले विकायचं ठरलं ते यामुळेच, नाहीतर गाळ्याचं भाडं ऐकूनच गप्प बसलो असतो. (नोकरी सोडलेली नाही हं, ईएमआय आहे!) कॅटलॉग, चॅटला लावायची लेबलं, क्विक रिप्लाय (आधीच लिहून ठेवलेली उत्तरं) झक्कास, साधं ॲप फुकट. पण ब्रॉडकास्ट, म्हणजे एकच मेसेज एकदम अनेकांना, एका लिस्टला २५६ जणांनाच, तेही ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो, आणि दादरच्या मावश्या कुठल्या सेव्ह करतायत! स्टॉकचा हिशोब अजून एक्सेलमध्येच ठेवतो.