सीडी की डाउनलोड? ख्याल ऐकणाऱ्याचा हिशेब

ख्यालाचा संथ भाग, म्हणजे विलंबित, संपून जलद भाग, म्हणजे द्रुत, सुरू होतो तेव्हा तानपुरा चालूच असतो. तबलजी एकतालातून तीनतालात येतो, पण मागचा षड्ज तुटत नाही. सीडीवर इथे ट्रॅक बदलतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. तीच मैफल एमपी३ म्हणून उतरवून घ्या, नेमक्या या जागी पुष्कळदा क्षणभर शांतता येते. तानपुऱ्याला उचकी लागावी तशी! एमपी३ बनवताना फाइलच्या आगेमागे थोडी रिकामी जागा भरली जाते. ती बरोबर कापणारे प्लेअर आहेत, पण सगळे नाहीत.

म्हणून सीडी घेऊ की डाउनलोड, असं कुणी विचारलं की मी आधी विचारतो, ऐकता काय? भावगीतं, सिनेमाची गाणी असतील तर सरळ डाउनलोड. एका गाण्यासाठी अख्खा अल्बम कशाला? खरा घोळ आपल्यासारख्यांचा, ज्यांचा एकेक राग तासभर चालतो.

दर्जावरून वाद फार होतात. सीडीवर सेकंदाला १४११ किलोबिट माहिती, चांगल्या एमपी३मध्ये ३२०. आकडे ऐकून छाती दडपते, पण लोकलमध्ये इयरफोन लावून मला फरक ओळखता आला नाही; घरच्या स्पीकरवरही मी पैज लावणार नाही. उचकी मात्र कुणालाही ऐकू येते. त्यावर उपाय फ्लॅक हा फाइलचा प्रकार. त्यात आवाजातलं काही गाळलं जात नाही, सांधा तुटत नाही आणि फाइल साधारण सीडीच्या निम्म्या आकारात बसते. डाउनलोडच घ्यायचं तर फ्लॅक देणाऱ्या ठिकाणाहून घ्या. बँडकॅम्प या संगीत विकणाऱ्या संकेतस्थळावर तो पर्याय मिळतो. आणि बाजारात ‘एमपी३ सीडी’ म्हणून पन्नास-शंभर गाण्यांची जी तबकडी मिळते, ती दिसायला सीडी असली तरी आत एमपी३च, हे ध्यानात असू द्या.

सीडीची खरी चैन म्हणजे आतला कागद. साथीला कोण, हार्मोनियम कुणाची, बंदिशीचे बोल काय, ते सगळं तिथे असतं. डाउनलोडमध्ये नशिबाने रागाचं नाव मिळतं, नाहीतर ‘ट्रॅक ०१’.

टिकण्याचं काय? सीडीला जपायचं ते छापील बाजूने. आवाज असलेला चकचकीत थर लेबलच्या अगदी खाली असतो. खालच्या बाजूला सव्वा मिलिमीटरच्या आसपास जाड प्लास्टिक असतं, तिथला बारीक ओरखडा बहुधा चालून जातो. जुनी सीडी घेताना ती उलटून बघा. खालून चंदेरी दिसली तर कारखान्यात छापलेली. हिरवट-निळसर झाक असेल तर बहुधा संगणकावर भरलेली, तिच्यातला रंगद्रव्याचा थर काळाबरोबर विटतो. तिला तेवढेच पैसे मोजू नका.

दुकानं तर दोन्ही बाजूंची बंद झाली. मुंबईत काळा घोड्याचं रिदम हाऊस हे सीडीचं दुकान २०१६मध्ये मिटलं. फ्लिपकार्टचं ‘फ्लाइट’ हे डाउनलोडचं दुकान २०१२मध्ये उघडलं आणि पुढच्याच वर्षी गुंडाळलं. सीडी निदान कपाटात राहते, मित्राला देता येते, विकताही येते. फाइल राहते ती आपण दोन ठिकाणी जपली तरच. माझी एक हार्ड डिस्क ऐन पावसाळ्यात बसली आणि तिच्याबरोबर दोन वर्षांची खरेदी गेली. दुसरी प्रत काढायचा कंटाळा केला होता, दुसरं काय.

आता मी ख्यालाची सीडी मिळाली तर सीडीच घेतो. नव्या लॅपटॉपला बहुधा ड्राइव्ह नसतो, म्हणून यूएसबीचा बाहेरून जोडायचा ड्राइव्ह ठेवलाय. आल्या दिवशी फ्लॅकमध्ये उतरवतो, दोन डिस्कांवर टाकतो, आणि सीडी कपाटात. कागदाचा मोबाइलवर फोटो काढून त्याच फोल्डरमध्ये ठेवतो, म्हणजे गाडीत कुणी ‘तबल्यावर कोण हो?’ विचारलं तर लगेच सांगता येतं.