मुलांसाठी पोस्टाचे बचत खाते: अर्थशिक्षणाचे उत्तम साधन

दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला पोस्टात स्वतःच्या नावाने बचत खाते उघडून ते स्वतः चालवता येते, आणि शाळेतल्या सरळव्याजाच्या उदाहरणांपेक्षा हे पासबुक मला कितीतरी अधिक परिणामकारक वाटले. व्याजदर वार्षिक ४ टक्के आहे. मात्र महिन्याच्या १० तारखेपासून महिनाअखेरपर्यंत खात्यात जी किमान शिल्लक राहते, तिच्यावरच व्याजाची आकारणी होते. त्यामुळे ११ तारखेला भरलेल्या पैशांवर त्या महिन्याचे व्याज का मिळत नाही, हे माझ्या मुलीने कागद-पेन्सिल घेऊन स्वतःच शोधून काढले. महागाई ४ टक्क्यांच्या वर गेली, की याच शिल्लकेची क्रयशक्ती घटते, हेही पालकांनी आवर्जून समजावावे. खाऊच्या पैशांतून बचत करणाऱ्या मुलांसाठी ५०० रुपयांची किमान शिल्लक मात्र जास्त आहे. ती कमी व्हायलाच हवी.