मराठी शाळेची वही कामाला आली: कायद्याच्या विद्यार्थ्यांकडून मिळालेल्या मोफत सल्ल्याचा दहा महिन्यांचा अनुभव

आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगी तिसरीत. बोलायला लागली की थांबत नाही, पण वाचायला बसवलं की पोट दुखतं. सप्टेंबरमध्ये शाळेत विचारलं तर उत्तर मिळालं, "घरी दुसरी भाषा बोलता ना, म्हणून होत असेल. थोडा वेळ द्या." दुसरीतही हेच ऐकलं होतं. शिक्षकांना उलट विचारायची आपल्याला सवय नसते, त्यामुळे मी तेव्हाही मान डोलावून घरी आले होते.

एका मैत्रिणीने लॉ स्कूलच्या मोफत सल्ला केंद्राबद्दल सांगितलं. स्पेशल एज्युकेशनमध्ये, म्हणजे शिकण्यात अडचण असलेल्या मुलांना शाळेत मिळणाऱ्या खास मदतीच्या बाबतीत अडलेल्या कुटुंबांना तिथले विद्यार्थी सल्ला देतात आणि त्यांच्या कामावर एका वकिलांची देखरेख असते. हे विद्यार्थी तुमच्या बाजूने उभे राहत नाहीत. मीटिंगला येत नाहीत, सुनावणीत बोलत नाहीत. कागद वाचतात, कायदा समजावतात, पत्राचा मसुदा करून देतात. एवढंच. फॉर्म भरल्यावर पहिल्या कॉलसाठी दोन आठवडे थांबावं लागलं.

कॉलवर आलेली मुलगी जेमतेम चोविशीची असेल. नवरा कॅमेऱ्याबाहेरून खुणा करत होता, "हिला काय कळणार?" तिने पहिला प्रश्न विचारला तो कायद्याचा नव्हताच. "ती मराठी कशी वाचते?"

मी गप्प झाले. रविवारच्या मराठी शाळेत आमची लेक बाराखडीपाशीच अडकली होती. 'कमळ' वाचताना पहिलं अक्षर बघून 'कपाट' म्हणून मोकळी व्हायची. आम्ही ते "इथल्या मुलांचं असंच असतं" म्हणून सोडून दिलं होतं. त्या विद्यार्थिनीला देवनागरीचं एक अक्षर येत नव्हतं, तरी तिने मुद्दा पकडला. जी भाषा मुलगी घरी अस्खलित बोलते, तिच्याही वाचनात तीच अडचण असेल, तर सगळं खापर इंग्रजीवर कसं फोडणार? 'आयडीईए' या अपंगत्व असलेल्या मुलांच्या शिक्षणाच्या अमेरिकन केंद्रीय कायद्यानुसार, केवळ इंग्रजी कच्चं असल्यामुळे एखादं मूल मागे पडत असेल तर त्याला अपंगत्वाच्या गटात धरत नाहीत. शाळा याच वाटेने निघाली होती. पण तोच कायदा असंही म्हणतो की, मूल्यमापन शक्य असेल तिथे मुलाच्या भाषेत आणि त्याला खरोखर काय येतं ते दिसेल अशा पद्धतीने करा. मराठी शाळेच्या वहीच्या चार पानांचे फोटो आणि त्यावर माझी इंग्रजी टिपणं आम्ही मूल्यमापनासाठी शाळेला दिलेल्या अर्जाला जोडली.

अर्ज म्हणजे दीड पानाचं पत्र. आमच्या राज्यात लेखी विनंती पोचली की शाळेला २० दिवसांत बैठक घ्यावी लागते आणि पालकांनी संमती दिल्यावर ९० दिवसांत मूल्यमापनापासून आयईपी (मुलासाठी आखलेला वैयक्तिक शिक्षण आराखडा) लागू करण्यापर्यंत सगळं उरकावं लागतं. मी वर्षभर जे तोंडी बोलत होते, त्याने यातलं एकही घड्याळ सुरू झालं नव्हतं. हे कळल्यावर त्या रात्री मला स्वतःचाच राग आला.

बैठकीत शाळेने "आधी काही महिने वर्गातच जादा मदत देऊन बघू" असं सुचवलं. याची तयारी आमच्याकडून करून घेतलेली होती: असे उपाय चालू आहेत या सबबीवर मूल्यमापन लांबवता येत नाही, हे केंद्रीय शिक्षण खात्याने २०११ मध्येच राज्यांना लेखी कळवलंय. मी तो कागद टेबलावर ठेवला. हात थरथरत होते, पण ठेवला. नोव्हेंबरच्या सुरुवातीला संमतीपत्रावर सही झाली.

आता तक्रार. डिसेंबरमध्ये त्यांच्या परीक्षा आल्या आणि तीन आठवडे ईमेलला उत्तर नाही. जानेवारीत सेमिस्टर बदललं, पहिली विद्यार्थिनी गेली आणि नवा मुलगा आला. त्याला फाइल मिळाली होती, पण मराठी वहीची गोष्ट मला पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागली. त्याच्या एका मसुद्यात मुलीची इयत्ता चुकली होती. शिवाय प्रत्येक मसुदा देखरेख करणाऱ्या वकिलांच्या नजरेखालून जातो. एकदा त्यात नऊ दिवस गेले. ज्यांची सुनावणी तोंडावर आलीय त्यांनी इथे विसंबू नये, सरळ वकील गाठावा.

व्हिसाबद्दलही मी विचारलं होतं. शाळेशी वाद घातला तर आमच्या कागदपत्रांवर परिणाम होईल का, ही धास्ती नवऱ्याला होती. मुलाचा सरकारी शाळेत शिकण्याचा हक्क व्हिसावर अवलंबून नाही, एवढं नव्या विद्यार्थ्याने ठामपणे सांगितलं. बाकीसाठी इमिग्रेशनच्या वकिलाकडे जा म्हणाला. आपल्या आवाक्याबाहेरच्या प्रश्नावर ठोकून न देणं मला आवडलं.

हाच मुलगा आयईपीच्या मसुद्यावर मात्र भारी निघाला. फेब्रुवारीत डिस्लेक्सियाचं, म्हणजे वाचनातल्या अडचणीचं निदान झालं, पण कागदावर तो शब्दच नव्हता. हा शब्द वापरायला कायद्याची आडकाठी नाही, असं खात्याचं २०१५ चं पत्र त्याने काढून दिलं. मसुद्यात ध्येय होतं, "वाचनात सुधारणा होईल." त्याने समासात लिहिलं: किती, कशावर, कोण मोजणार? 'गरजेनुसार' या शब्दाखाली लाल रेघ, कारण सेवा आठवड्यातून किती वेळा, किती मिनिटं आणि कुठे, हे आयईपीत यावंच लागतं. एंड्र्यू एफ. खटल्यातला २०१७ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकालही त्याने पाठवला. नाममात्र प्रगतीवर शाळेची सुटका होत नाही, मुलाच्या परिस्थितीला साजेशी प्रगती होईल असा आराखडा लागतो, असं त्यात म्हटलंय. पहिल्या आयईपीला पालकांची लेखी संमती लागते, म्हणून बैठकीतल्या बैठकीत सही करू नका, घरी आणा, हेही त्याचंच. मी घरी आणला. दोन ईमेल आणि एक बैठक झाल्यावर आठवड्यातून चार वेळा, ४० मिनिटं, लहान गटात, अक्षर आणि आवाज यांची सांगड घालणारं पद्धतशीर शिकवणं मिळालं. मी पाच वेळा मागितलं होतं.

मे महिन्यात तो पदवी घेऊन गेला. जाताना त्याने तारखांसह एक पानाचा गोषवारा पाठवला. हा जानेवारीतच असता तर किती बरं झालं असतं. केंद्र आता ऑगस्टअखेरपर्यंत बंद आहे. तुम्ही जाणार असाल तर असं पान पहिल्या दिवसापासून स्वतःच ठेवा, विद्यार्थी बदलला की तेच पुढे करा.

जूनमध्ये प्रगतीचा अहवाल आला. एका ध्येयापुढे नुसतं "प्रगती होत आहे" लिहिलंय, आकडा नाही. काल शाळेतल्या केस मॅनेजरना, म्हणजे आयईपीचं काम बघणाऱ्यांना, ईमेल टाकला. मसुदा कुणाला दाखवला नाही.