रॉकेल की अमोनियावालं सॉल्व्हंट?

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातला माझा भाचा आजोबांची बारा बोअरची छर्र्याची बंदूक नुकतीच स्वतःच्या परवान्यावर घेऊन बसलाय. "मामा, साफ कशाने करू?"

काम काय, ते आधी बघू. अमोनियावालं सॉल्व्हंट रायफलच्या नळीत गोळीच्या आवरणाचं साचलेलं तांबं विरघळवतं. बारा बोअरमध्ये बहुधा शिशाचे छर्रे. तांबं साचतच नाही, मग ते महागडं पाणी कशाला? रॉकेल काजळी आणि जुनं चिकट तेल सोडवतं, शिशाला मात्र पितळी ब्रश फिरवावाच लागतो.

मुलाम्याचं काय? नळीचा निळसर-काळा रंग म्हणजे लोखंडाच्या ऑक्साइडचा पातळ थर. रॉकेल त्याला धक्का लावत नाही. अमोनियाही सहसा नाही. पण बंदुकीला निकेलचा मुलामा असेल आणि त्याखाली तांब्याचा थर असेल, तर अमोनिया ओरखड्यातून शिरून तो मुलामा उचलतं, आणि दस्त्यावरचं लाखेचं पॉलिशही खातं. (लिंबू, व्हिनेगर, गंज काढायचं द्रावण तर निळाईच पुसून टाकतं. आमच्याकडे एकाने चिंच लावली होती!)

रॉकेलचा दोष: वास, आणि ते उडालं की लोखंड उघडं पडतं. लगेच तेलाचा हात फिरवायचा, पावसाळ्यात तर नक्कीच.

भाच्याला रॉकेल, नाहीतर रंगाच्या दुकानातलं टर्पेंटाइन पुरे. रायफलवाल्याने अमोनिया घ्यावं, फक्त नळीच्या आत, बाटलीवर लिहिलेल्या वेळेपुरतं.